लोखंडाचा घास

"इद्रिस, इसके मुँह में लोहा किसने डाला?"

चौतीस वर्षं झाली त्या आवाजाला. विचारणारा फकीर उस्ताद, इद्रिसचा बाप, नंदुरबारच्या कबरस्तानात कधीचा निजला, त्याच्या उशाशी लावलेलं निंबाचं रोप आता येणाऱ्याजाणाऱ्याला सावली देतं. पण तो आवाज काही मातीखाली गेला नाही. इद्रिस पहाटे तोंड धुवायला बसला, की तो तांब्यातल्या पाण्यातून उठायचा. वजू करताना चूळ भरली, की गालात घोळायचा. उस्ताद ओरडला नव्हता. जनावरांत आयुष्य गेलेली माणसं सहसा ओरडत नाहीत. त्याने हलक्या आवाजात विचारलं होतं, आणि म्हणूनच ते इतकं खोल गेलं होतं.

तेव्हा इद्रिस सोळा वर्षांचा. समोर एक सब्जी शिंगी, करड्या रंगाची कोवळी घोडी, तिच्या ओठातून गुलाबी फेस गळतोय, आणि तिची दोरी हातात धरून तिची निगा राखणारा मोतद्दार धुडकू उभा. इद्रिसने आधी जमिनीकडे पाहिलं. मग त्याची नजर उचलली गेली ती धुडकूवर जाऊन टेकली. बस, एवढंच. तोंडातून एक अक्षर निघालं नाही. पण बापाने पोराची नजर वाचली, आणि दिवस कलायच्या आत धुडकू खांद्यावर घोंगडी टाकून आवाराबाहेर पडला.

आता इद्रिसची दाढी पिकली होती. नंदुरबार ते तळोदा, शहादा ते नवापूर, कुणाच्या दारी कोवळं घोडं आलं की बोलावणं इद्रिस चाबूकस्वाराला. घोड्याला माणसाळवायचं, तोंडात लगाम, पाठीवर खोगीर सोसायला शिकवायचं, हा त्याच्या घरचा पिढीजात हुन्नर. बोलावणी मात्र वर्षागणिक कमी होत चालली होती. मोटार लॉरी धुरळा उडवत आली, आणि लोक म्हणायला लागले, तिला ना दाणा लागतो, ना चाबूकस्वार.

म्हणून जेठमल शेठचं बोलावणं आलं तेव्हा त्याला बरं वाटलं. जेठमल मारवाडी, कापडाचा व्यापारी. त्याने दत्तजयंतीच्या जत्रेत सारंगखेड्याहून एक शिंगी आणली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याचा मुलगा हस्तीमल याचं लग्न होतं. भाड्याच्या घोडीवर नाही, घरच्या घोडीवर नवरदेव बसवायचा, असा जेठमलच्या आईने, नोजीबाईने, हट्ट धरला होता.

शिंगी पाहताच इद्रिस जिथल्या तिथे थांबला. केवड्याच्या आतल्या पानासारखा रंग, पापण्यासुद्धा पिवळसर. कान असे, की टोकं एकमेकांना शिवतील. नाव अर्थातच केवडी. आणि केवडीच्या मानेवर हात ठेवून एक तिशीचा, काटक, सावळा माणूस उभा होता.

"मोतद्दारही जत्रेतच मिळाला," शेठ म्हणाला. "घोडी याच्याकडे बघून खिंकाळली. म्हटलं, चल, तूही चल."

"कोना रे तू?" इद्रिसने विचारलं.

"उखा, चाचा. खांडबाराना. धुडकूना आंडोर."

धुडकूचा मुलगा! इद्रिसने घोडीची दोरी उगाचच ओढून पाहिली.

"बाप शे?"

"शे ना. रेल्वेनी लाईनवर खडी फोडी फोडी जलम गया त्यान्हा. आते डोया गयात. पन घोडानी गोट निघनी की खाटलावर उठी बसस!"

उखा हसला. इद्रिसला त्या हसण्यात हसणं दिसेना. हा इथं कसा? अख्ख्या जत्रेत याला हीच घोडी भेटली? बापाने धाडला असेल का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं इद्रिसच्या मनात त्या दिवशी चांदणं पडलं, आणि त्या उजेडात प्रत्येक गोष्टीची सावली लांब दिसायला लागली.

कामाला मात्र त्याने उणं पडू दिलं नाही. कोवळ्या घोड्याचं तोंड म्हणजे नव्या नवरीचं माहेर. तिथं आरडत जायचं नसतं. पहिले आठ दिवस नुसता हात. कपाळावरून नाकापर्यंत, नाकावरून ओठांपर्यंत. मग ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत. घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते, नुसती हिरडी, लोण्यासारखी मऊ. देवाने ती जागा माणसाच्या भरवशावर मोकळी सोडली आहे, असं फकीर उस्ताद म्हणायचा. अंगठा तिथं टेकवला की जीभ हलते, तोंड आपसूक उघडतं. मग गुळाच्या पाण्यात भिजवलेली सुती दोरी. ती चघळायला लागली की बोरीची गुळगुळीत काडी. आणि सगळ्यात शेवटी लगामाचं लोखंड, ज्याला कडियाळं म्हणतात.

केवडी दोरीपर्यंत आली ती हसतखेळत आली. इद्रिस दारात दिसला की ओठ पुढे करायची. काडीही तिने दोन दिवसांत मान्य केली. तिला खरारा करताना उखा खालच्या आवाजात काही गुणगुणायचा. एका सकाळी इद्रिसने कान दिला.

*पहिला घास गूळना,
दुसरा घास गवतना,
तिसरा घास लोखंडना,
मन्ही बाई, इसवासना.*

हे गाणं इद्रिसने चौतीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं, याच चालीवर, याच संथपणे. धुडकूचं गाणं.

"कोनी शिकाडं हाई गानं?"

"बा नी. बा म्हने, गानं म्हनावर घोडा आपला श्वास त्यान्हासंगे जोडी लेस." उखा खरारा झटकत जरा थांबला. "चाचा, एक इचारू? बा सांगे, उस्तादना घरनी रीत व्हती, लोखंड घोडाना तोंडमा जावाना आगोदर मानूसनी आपला तोंडमा धराले पाहिजे. ऊब येवालोंग. तुमी तं त्याले काखमा धरतस. आसं का?"

खरं होतं ते. हिवाळ्याचं गार कडियाळं चाबूकस्वाराने आधी आपल्या तोंडात धरायचं, आपली ऊब, आपली चव त्याला द्यायची, मग घोड्याला. ही त्या घरची रीत. "जिस मुँह में लोहा रखना है, उस मुँह में झूठ नहीं रखना," उस्ताद सांगायचा. घोड्याला चव कळते म्हणे. त्या एका दिवसानंतर इद्रिसने लोखंड तोंडात धरलं नव्हतं. काखेत धरायचा, नाहीतर कोमट पाण्यात बुडवायचा. लोकांना वाटायचं, याची आपली वेगळी पद्धत. बायको मेहरुन्निसासुद्धा सदऱ्याच्या काखेतले गंजाचे डाग धुताना कुरकुरायची, पण तिनेही कधी कारण विचारलं नव्हतं.

आणि हा विचारत होता.

"दात हालतस मन्हा," इद्रिस तुटकपणे म्हणाला. "तू आपलं काम कर."

उखा कामाला लागला. पण इद्रिसला वाटलं, त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी लपलंय. याला सगळं ठाऊक आहे. हा बोलत नाही, पण सुई टोचून पाहतो आहे.

माघ अर्ध्यावर आला होता. शुक्रवारी इद्रिस जुम्म्याची नमाज असल्याने यायचा नाही. शनिवारी सकाळी तो कडियाळं घेऊन आला. आज पहिला लोखंडाचा दिवस. केवडीने त्याला पाहिलं, नेहमीसारखे ओठ पुढे केले. त्याने अंगठा तोंडाच्या कोपऱ्याशी नेला मात्र, तिने मान अशी हवेत फेकली की दावणीचा खुंटा हलला. कान मागे, मानेला चिकटलेले. डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलं.

"हो, हो, बेटी."

दुसऱ्यांदा हात नेला. तिने पुढचे दोन्ही पाय उचलले. तिसऱ्यांदा त्याने गुळाचा खडा तळहातावर धरला. तिने तो ओठांनी उचलला, चावला, आणि थांबली. तोंडातून लाळ गळली. लाळेत तांबडी तार होती.

इद्रिसने कडियाळं खाली ठेवलं. अर्धा तास तो नुसता तिच्या गळ्याला टेकून उभा राहिला. मग हळूच खालचा ओठ उलगडून पाहिलं. त्या मोकळ्या, लोण्यासारख्या हिरडीवर दोन भोकं होती, शेजारीशेजारी, जणू बाभळीचा काटा दोनदा टोचला. जिभेची कड कापलेली.

हे त्याने आधी पाहिलं होतं. अशीच हिरडी, अशीच जीभ, सब्जी शिंगी. आणि ते त्याच्याच हाताने झालं होतं. चौतीस वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी बाप मशिदीत गेलेला, आणि सोळा वर्षांच्या पोराला घाई झालेली. आपणही उस्ताद आहोत हे दाखवायचं होतं. ना गूळ, ना ऊब. गार लोखंड, आणि तोंड उघडेना तर दांडगाई. ती शिंगी पुन्हा कधी लगामाला आली नाही. टांग्याला गेली, तिथेही मान फेकायची, मार खायची. आणि दोष गेला धुडकूच्या माथी, कारण खरं बोलायला लागणारी हिंमत पोराच्या अंगी आली नाही आणि नंतरच्या चौतीस वर्षांत माणसाच्याही आली नाही.

आता पुन्हा शुक्रवार. पुन्हा हिरडी. हा योगायोग नव्हे. कुणीतरी त्याचीच गोष्ट त्याच्याच पुढ्यात पुन्हा मांडली होती.

"उखा!"

उखा पाण्याची बादली घेऊन आला. त्याच्या डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"अंगठाले काय व्हयनं?"

"इया लागना, चाचा. घास कापताना."

"काल दुपारले कठे व्हता तू?"

बादली ठेवताना पाणी हिंदकळलं. "आठेच व्हतू. घोडीजोडे."

"आठेच?"

"आठेच ना. मंग कठे जासू?"

पण तो इद्रिसकडे बघत नव्हता. तो जमिनीकडे बघत होता. जमिनीकडे कोण बघतं, हे इद्रिसला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

रविवारी चाऱ्याचा भारा घेऊन तुळशीबाई आली. इद्रिसने सहज विचारल्यासारखं विचारलं, शुक्रवारचा भारा कुणी उतरवून घेतला.

"कोन उतारी लेई?" ती भडकली. "हाका मारी मारी मन्हा गया बसना. दारना मजार घोडी खिंकायस, पन मानूसना पत्ता नही! भारा दारशीच टाकीसन गऊ. तुमना मोतद्दार शे का नवरदेव शे?"

कुठंतरी पाणी मुरत होतं, ते आता पायाला लागलं. उखा खोटं बोलला होता. इद्रिसने त्याला पुन्हा विचारलं नाही. विचारायचं कशाला? त्याने फक्त नजर ठेवली. उखा गूळ कुठे ठेवतो, कुणाशी बोलतो. उखाच्या हातून केवडी दाणा खात होती, तेही त्याला खटकलं. ज्याने दुखवलं त्याच्याच हातून खाते? मग वाटलं, का नाही? सब्जीही आपल्या हातून खायची. आपण केल्यानंतरसुद्धा.

घोडं खोटं बोलत नाही, पण ते चुगलीही करत नाही. हीच तर पंचाईत.

शेठच्या कानावर गोष्ट जायला वेळ लागला नाही. गुरुवारी त्याने इद्रिसला दिवाणखान्याबाहेरच्या ओट्यावर बोलावलं. उखा खाली अंगणात उभा होता.

"इद्रिसमियाँ," जेठमल म्हणाला, "लग्नाला अडीच महिने आहेत. घोडी लगामाला येणार का?"

"जखम भरली तर येईल, शेठ."

"जखम केली कुणी?"

इद्रिस खांद्यावरचा रुमाल झटकत राहिला.

"मला घोड्यातलं कळत नाही. कापडातलं विचारा, डोळे बांधून सांगेन. घोड्याच्या बाबतीत तुम्ही म्हणाल ते खरं. तुम्ही ज्याचं नाव घ्याल, तो आज या दारातून जाईल. आणि मी सगळ्या पेठेत सांगेन, की याला कुणी जनावरापाशी उभं करू नका."

वारा पडला होता. अंगणातल्या कडुलिंबाचं एक पान गिरक्या घेत खाली आलं. इद्रिसने पाहिलं, उखाचं गाठोडं बांधून तयार होतं. घोंगडी वर टाकलेली. त्याने आधीच बांधून ठेवलं होतं. गुन्हेगार बांधून ठेवतो, तसं. की ज्याच्या घरात एकदा घोंगडी उचलावी लागली आहे, तो बांधून ठेवतो, तसं?

"उखा," इद्रिसने शेवटचं विचारलं, "शुक्रवारले कठे व्हता?"

उखाने ओठ मिटले. "सांगं ना, चाचा. आठेच व्हतू."

तेव्हा इद्रिसचं तोंड उघडलं. त्या वेळी नजरेने केलं होतं, आज जिभेने केलं.

"माझा संशय उखावर आहे, शेठ."

उखाने गाठोडं उचललं. घोंगडी खांद्यावर टाकली. ती टाकण्याची ढब, उजवा खांदा जरा खाली, जशीच्या तशी बापाची. इद्रिसने मान फिरवली.

"कांई हुयो?" दाराआडून आवाज आला. नोजीबाई. जेठमलची म्हातारी आई, पांढऱ्या ओढणीत गुंडाळलेली, हातात जपाची माळ. "हा गाठोडं घेऊन कुठं निघाला?"

"काही नाही, माँसा," जेठमल म्हणाला. "घोडीच्या तोंडात याने चोरून लोखंड घातलं. घोडी बिघडली."

"लोखंड? शुक्रवारी?"

"तुम्हाला कुणी सांगितलं शुक्रवार?"

"सांगायला कशाला पाहिजे? मीच घातलं."

जेठमल आईकडे वळला.

नोजीबाई उंबऱ्यावर बसली, जणू पापड किती लाटले ते सांगायचंय. "पुष्य नक्षत्र होतं. आपल्या घरची रीत आहे, घरच्या घोडीच्या तोंडात पहिलं लोखंड घरचं लागतं. तुझ्या बापाच्या लग्नात जी घोडी होती, तिची लगाम मी मारवाडातून पेटीत घालून आणली होती. पन्नास वर्षं पेटीत होती. तिला कुंकू लावलं, गूळ लावला. बदामबाईने घोडीचं तोंड धरलं, मी लगाम घातली, एक नवकार मंत्र म्हटला, आणि काढली. शकुन झाला."

"माँसा!" जेठमल ओट्यावरून उठलाच. "इतके दिवस घरात शोध चाललाय, आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मने कुण पूछ्यो?" म्हातारी म्हणाली. "सगळे पुरुष पुरुषांनाच विचारत होते."

जेठमलची बायको, बदामबाई, आतून तो लगाम घेऊन आली. इद्रिसने हातात घेतला. मारवाडी कांटाळी लगाम. मधल्या लोखंडाला आतल्या बाजूने दोन अणकुचीदार टोकं. तयार घोड्यालाही तो उस्तादाच्या हातूनच चढवायचा असतो. कोवळ्या शिंगीच्या हिरडीत तो बाभळीच्या काट्यासारखीच रुतणार.

त्याने तो नोजीबाईच्या बोटांत दिला, आणि तिचं बोट त्या टोकांवर टेकवलं. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, बोटांत नव्हता. तिचा चेहरा बघताबघता सुरकुतला.

"मुकं जनावर," ती म्हणाली. "माझ्या हातून. घोडी बरी होईपर्यंत मला गूळ वर्ज्य. आणि तू ते गाठोडं खाली ठेव रे."

जेठमल ओशाळं हसला. "ठेव, ठेव. झालं गेलं." आणि मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून, "पण मग तू होतास कुठं शुक्रवारी?"

उखाने गाठोडं ठेवलं नाही, खांद्यावरच राहू दिलं. "खांडबाराले गयथु. बा ले ताप चढेल व्हता. सकायनी गाडीवरी गवू, संध्याकायले वनू."

"मग खोटं का बोललास?" इद्रिसने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

उखाने आता त्याच्याकडे सरळ पाहिलं. "खरं सांगं आसतं, तं घोडी एकटी सोडी म्हनीसन काढी टाकतात. खोटं सांगं, तं बी काढीच ऱ्हायना व्हतात. गरीबनी कठे जावानं, चाचा?"

जेठमल घसा खाकरून दुकानाकडे निघाला.

केवडीचं तोंड भरायला वीस दिवस लागले. इद्रिस रोज हळद आणि तूप बोटावर घेऊन यायचा. उखा तिची मान धरायचा. दोघं कामापुरतं बोलायचे. नोजीबाई रोज दारात येऊन विचारायची, "गूळ खाऊ का?" आणि इद्रिस म्हणायचा, "अजून नाही, माजी." उखाची जीभ हळूहळू सैल झाली, पुन्हा गाणंही ऐकू यायला लागलं. जी जखम दिसते ती तुपाने भरते. इद्रिसला त्या वीस दिवसांत धड झोप लागली नाही. संशय गेला होता, आणि त्याच्या जागी जे उरलं होतं ते संशयाहून जड होतं. संशय दुसऱ्याच्या अंगावर टाकता तरी येतो.

होळी झाली. एका सकाळी केवडीने काडी पुन्हा चघळली, लाळ स्वच्छ होती. इद्रिसने पिशवीतून कडियाळं काढलं. साधं, गोल, गुळगुळीत, फकीर उस्तादाच्या हातचं. त्याने ते काखेकडे नेलं, आणि हात मध्येच थांबला.

"उखा, हाई ले. तू धर. तोंडमा."

"मी? घरनी रीत तुमनी शे, चाचा. तुमीच धरा."

"दात हालतस."

"आज बी?" उखा हसला. यावेळी ते हसणंच होतं, इद्रिसला दिसलं.

उखाने लोखंड पुसलं, ओठांत धरलं. सकाळचा गारठा होता. पहिल्यांदा त्याचा चेहरा आंबट झाला. मग गाल हलले. तो नाकाने श्वास घेत, नाकातूनच ते गाणं गुणगुणत उभा राहिला, आणि केवडीचे कान एकेक करून पुढे आले. त्याने लोखंड काढलं, गुळात बुडवलं, अंगठा त्या मोकळ्या जागेवर टेकवला. केवडीने एकदा मान मागे घेतली. थांबली. उखाच्या तोंडाचा वास घेतला, मग लोखंडाचा. आणि तोंड उघडलं. लोखंड दातांवर न वाजता, पाण्यात बोट बुडावं तसं आत गेलं. तिने जिभेने ते उचललं, फिरवलं, चघळलं, आणि तिच्या ओठांच्या कडेला पांढराशुभ्र फेस आला, नुसत्या गुळाचा.

"खाय, मन्ही बाई, खाय," उखा पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. "बा ले सांगाले पाहिजे. बा ले कितला हरीक व्हयी!"

दारातून नोजीबाई ओरडली, "आता?"

"आता खा, माजी," इद्रिस म्हणाला. मग उखाकडे वळला. "खांडबाराले कवय जास तू?"

"उद्या जासू. शेठनी परवानगी देल शे. यावेळले इचारीसन."

"मी बी येस."

उखाने भुवया उंचावल्या.

दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या गाडीने निघाले. डब्यात मोहाच्या फुलांचा वास होता. टोपल्या घेऊन बायका चढत होत्या. बाहेर पळस पेटला होता, डोंगरापर्यंत. उखा सगळी वाट बडबडत होता. बा असं म्हणतो, बा तसं म्हणतो. इद्रिसच्या सदऱ्याच्या खिशात कडियाळं होतं. ते कशाला घेतलं, त्याला सांगता आलं नसतं. बोटं सारखी त्यावर जात होती.

"बा कदी सांगत नही, घोडा कसाले सोडात ते," उखा मध्येच म्हणाला. "इचारं तं म्हनस, मी नही करं, बस. मंग भितीकडे तोंड करीसन झोपी जास."

इद्रिसने खिडकीबाहेर पाहिलं.

स्टेशनाच्या मागे कुडाची झोपडी होती, सारवलेलं अंगण. धुडकू बाजेवर बसला होता, अंगावर तीच किंवा तशीच घोंगडी. डोळे पांढरे, पण मान ताठ. पावलं ऐकून त्याने कान टवकारले, घोड्यासारखेच.

"उखा? आनि कोन शे संगे?"

"नंदुरबारना चाचा शेतस, बा. इद्रिस चाबूकस्वार. आनि बा, केवडीनी लोखंड लिधं! मन्हा हातनं लिधं!"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला, आणि मग, नाव पोचल्यावर, हळूच विझला. तो बाजेवर जरा सरकला, जागा केली.

"बठा, इद्रिसभाऊ. उस्ताद कसा शेतस?"

"गेलेत. वीस वरीस व्हयनात."

"हं." धुडकूने हात पुढे केला, हवेत चाचपला. इद्रिसने खिशातलं कडियाळं त्या हातावर ठेवलं. म्हाताऱ्याची बोटं त्यावरून फिरली, कडीवरून, वाकावरून, झिजलेल्या टोकावरून. "हाई उस्तादना हातनं शे," तो म्हणाला. "उस्ताद भला मानूस. त्यास्नी माले काढं, मन्हा राग नही त्यास्नावर. त्यास्ले जे दिखनं ते त्यास्नी करं." त्याने लोखंड परत इद्रिसच्या दिशेने धरलं. "फक्त एक वाटे. मरानं पहिले कोनी तरी माले सांगाले पाहिजे व्हतं, का त्या सब्जी पोरीना तोंडमा..."

उखा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा राहिला होता, एकदा बापाकडे बघत, एकदा इद्रिसकडे.

इद्रिसने लोखंड घेतलं. ते म्हाताऱ्याच्या हाताने कोमट झालं होतं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने ते आपल्या ओठांत धरलं. जुनी, तुरट चव जिभेवर पसरली, आणि बापाचा आवाज अगदी जवळून आला, हलका, न ओरडता. त्याने लोखंड काढलं, बाजेपुढे सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकले, आणि म्हाताऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"धुडकूभाऊ," तो म्हणाला, "तिन्हा तोंडमा लोखंड मी टाकं व्हतं."